कोपरा फाटलेलं कार्ड

आमगावच्या हवाई स्काउट पथकाकडे विमान सोडून सगळं होतं. बारा निळ्या टोप्या होत्या, एक शिट्टी होती, बांबूच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी जुन्या सदऱ्याची बाही होती, आणि या सगळ्याची काळजी वाहायला बिसराम कटरे गुरुजी होते. रोज सकाळी दहाच्या सुमाराला एक विमान आभाळात पार उंचावरून, तांदळाच्या कणीएवढं दिसत, पूर्वेकडे निघून जाई. गुरुजी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत आणि मग वहीत वेळ, दिशा आणि अंदाजे उंची लिहून ठेवत. खाली आमगाव नावाचं गाव आहे याची त्या विमानाला गंधवार्ताही नसावी, पण आमगावाकडे त्याची तीन वर्षांची हजेरी होती.

१९५१ साली भंडाऱ्याहून परिपत्रक आलं होतं की ज्या शाळांना उत्साह असेल त्यांनी हवाई स्काउटांचं पथक काढावं. उत्साह कोणालाच नव्हता. हेडमास्तरांनी चष्म्यावरून एकेका मास्तरावर नजर फिरवली आणि ती नेहमीच्या जागी येऊन थांबली.

“कटरे गुरुजी, तुमच्या घरी कोन वाट पाहून रायलं? तुमीच घ्या.”

मतदारयाद्या गुरुजींकडे अशाच आल्या होत्या. देवी टोचायला येणाऱ्या डॉक्टरबरोबर हिंडणं, आजारी मास्तरांचे वर्ग सांभाळणं, सुट्टीत शाळेच्या किल्ल्या जपणं, सगळं असंच आलं होतं. एकट्या माणसाकडे वेळच वेळ असतो, अशी घरदार असलेल्यांची पक्की समजूत असते. गुरुजींकडे वेळ होता हे खरंच होतं, म्हणून ते कधी नाही म्हणाले नाहीत.

बायको, रुख्मा, जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती गेली त्याच वर्षी गुरुजींचा थोरला भाऊ, बोरटोल्याचा चैतराम पाटील, यानं त्यांना न विचारता दुसरी सोयरीक ठरवून टाकली, आणि गुरुजी मुलगी पाहायला गेलेच नाहीत. चार माणसांत चैतरामची मान खाली गेली. त्या दिवसापासून त्यानं धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. गुरुजींनी पहिल्या वर्षी त्याला तीन पत्रं घातली, दुसऱ्या वर्षी दोन, मग दिवाळीला एक. उत्तर एकाचंही आलं नाही. पोस्टमन जागेश्वर सुरुवातीला दारासमोरून जाताना “आज नाही, गुरुजी” असं म्हणायचा. पुढंपुढं नुसती मान हलवायचा, आणि आता तर तो मानही हलवत नव्हता, कारण गुरुजींच्या दारापाशी सायकल हळू करायची त्याची सवयच गेली होती.

अशा माणसाच्या हातात त्या वर्षी स्काउटांची नवी पुस्तिका पडली आणि तिच्यात ‘वाऱ्याचा अभ्यास’ नावाचा धडा निघाला. फुग्याला पोस्टकार्ड बांधून सोडायचं. ज्याला सापडेल त्यानं आपल्या गावाचं नाव आणि तारीख लिहून ते पोस्टात टाकायचं. मग नकाशावर वाऱ्याची वाट आखायची. निदान तीन कार्डं परत आली तर पथकाला बिल्ला मिळणार होता. पोरांना बिल्ला हवा होता. गुरुजींना काय हवं होतं ते त्यांनी पोरांना सांगितलं नाही, पण धडा त्यांनी एका दिवसात चार वेळा वाचला.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गोंदियाचा फुगेवाला गॅसची टाकी घेऊन आला. गुरुजींनी एकदम सोळा फुगे मागितले.

“सोलह?” फुगेवाला म्हणाला. “मास्टरजी, घर में शादी है क्या?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “वारा मोजायचा आहे.”

फुगेवाल्यानं पैसे आधी मागून घेतले.

एका कार्डाला दोन, अशी आठ कार्डं तयार झाली. मजकूर गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता: ‘ज्या सज्जनास हे कार्ड सापडेल त्याने कृपा करून दोन ओळी लिहाव्यात.’ खाली सही, ‘आपला, बिसराम कटरे’. आणि पत्त्याच्या बाजूला, उत्तर यायचं म्हणून, पुन्हा ‘बिसराम कटरे, आमगाव’. दाभणानं कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून त्यातून दोरा ओवला. गाठी मारायचं काम टोळीनायक मुन्नालालकडे होतं. गाठी हा पथकाचा अभिमानाचा विषय होता.

“गुरुजी, हे गाठ आता यमाच्या बापालेही सुटत नाही,” मुन्नालाल म्हणाला.

गाठ खरोखरच सुटली नाही. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

आठवडा गेला. गुरुजी रोज जागेश्वरच्या वेळेला दारात उभे राहत आणि सायकल रोज न थांबता पुढं जाई. दुसरा रविवार उजाडला तोवर धान कापणीला आलं होतं आणि बाराही स्काउट आपापल्या बापांच्या धानाच्या बांध्यांत वाकलेले होते. गुरुजी ठरल्या वेळी पटांगणावर गेले. त्यांनी शिट्टी वाजवली. झेंडा चढवला, सलामी दिली, ती स्वतःच घेतली, पथकाला विसर्जनाची आज्ञा केली आणि अकरा वाजता घराकडे वळले.

घर म्हणजे सुलोचनाबाईंच्या घरातली भाड्याची खोली. सुलोचनाबाई विधवा होत्या आणि स्वभावानं फटकळ होत्या. त्यांच्या ओट्यावर आज तीन अनोळखी माणसं डोक्याचे पटके काढून बसली होती आणि आतून बाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. गल्लीतले बाकीचे सगळे कापणीला गेलेले. बाईंच्या माहेरचं कोणीतरी गेलं, असं समजून गुरुजींनी टोपी काढली आणि ते ओट्याच्या कडेला टेकले.

“कोण गेलं?” त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं.

“कटरे मास्तर.”

आमगावात आणखी एक कटरे मास्तर असावेत आणि आपल्याला कोणी कळवलं नसावं, असं गुरुजींना क्षणभर वाटलं. त्यांना बऱ्याच गोष्टी कोणी कळवत नसे.

“कशानं गेले?”

“ते मालूम नाही. कार्ड आलं,” असं म्हणून त्या माणसानं खिशातून एक पोस्टकार्ड काढून दाखवलं. अक्षर गुरुजींचं होतं, आणि जिथं दोरा बांधला होता तो कोपरा नव्हता.

आता गुरुजींच्या लक्षात आलं. झाडात अडकल्यावर फुग्यांनी ओढ दिली, गाठ सुटेना, तेव्हा कोपरा फाटला. फुगे निघून गेले आणि कार्ड खाली पडलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयतीची बातमी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असं कार्ड कोणी पुरतं वाचत नाही. घरात तर नेतच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून नाव पाहायचं आणि निरोप पोचवायला निघायचं.

“पण यात बिसराम कटरे मेले असं कुठं लिहिलं आहे?” गुरुजींनी विचारलं.

“तुमी शिकलेले दिसता, पन तुमच्या ध्यानात नाही येऊन रायलं,” तो माणूस समजुतीनं म्हणाला. त्याचं नाव बकाराम, गोरेगावकडच्या एका गावचा कोतवाल. “पाहा. लिवनारा बिसराम. ज्याले लिवलं तो बी बिसराम. कार्डात दुसरा मानूसच नाही. मंग मरन कोन?”

उरलेले दोघेही वेगवेगळ्या गावांचे निघाले आणि दोघांच्याही हातात तसंच कोपरा फाटलेलं एकेक कार्ड होतं. आपल्या शिवारात मयतीचा निरोप पडला तर तो ज्याचा त्याच्या दारी पोचवायचा, नाहीतर गावाला बाधतं, म्हणून कापणी सोडून ते आले होते. तिघांपैकी कोणीच मास्तरांना कधी पाहिलेलं नव्हतं.

“कसा होता हो माणूस?” गुरुजींना राहवलं नाही.

“आमाले काय मालूम? चांगलाच असन,” बकाराम म्हणाला. “मेल्यावर कोन वाईट रायते?”

गुरुजींनी खिशातून डायरी काढली. “कार्ड कुठं सापडलं?”

“बांदीत. बांधावरच्या झाडाखाली, धानावर पडलं होतं.”

“किती वाजता? वारा कोणत्या बाजूचा होता?”

“भाऊ, मयतीत तुमाले वारा कायले पायजे?”

पण त्यानं सांगितलं. चौदा मैल. दुसऱ्याचं अकरा, तिसऱ्याचं सोळा मैलांवर पडलेलं. तीन कार्डं परत आली होती, तीही पोस्टात न टाकता माणसांनी पायी आणून दिली होती. गुरुजींचे डोळे भरून आले. बकारामला वाटलं, मास्तरांचा जिवलग दिसतो. त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. त्या पाठीवर कोणाचा हात पडून फार वर्षं झाली होती, त्यामुळे ‘अहो, तो मीच’ हे सांगणं आणखी थोडं लांबलं.

“घरचं कोणी आहे का त्यांचं?” गुरुजींनी विचारलं.

“हाय ना. बोरटोल्याचे चैतराम पाटील. कटरे नाव पायलं अन् मी काल संध्याकाळी पयले तिकडंच गेलो.”

गुरुजींची पेन्सिल थांबली. “काय म्हणाले?”

“काई नाई मनले. कार्ड पायलं, खाली बसले. मंग तिरोड्याच्या बहिणीकडं मानूस धाडला अन् मले मनले, तू पुढं हो, मी बैलबंडी जुंपून येतो.”

“नक्की येतात?”

“येऊन रायले ना बापा. सख्खा भाऊ मेला त्याईचा.”

सहा वर्षांत आली नव्हती अशी बातमी होती ती, आणि तिच्यात एकच अडचण होती. गुरुजी जिवंत आहेत हे वाटेत कोणी चैतरामला सांगितलं तर त्याची बंडी तिथूनच माघारी वळणार. तेवढ्यात स्टेशनच्या वळणावरून ओळखीचा हेल ऐकू आला. तिरोड्याची बहीण, देवकाबाई, पॅसेंजरनं उतरून रडत येत होती. गुरुजी उठले आणि बोळातून मागच्या दाराकडे पळाले.

मागच्या अंगणात सुलोचनाबाई डोळे पुसत पाणी शेंदत होत्या. समोर गुरुजी पाहून दोर सुटला आणि बादली विहिरीत गेली.

“बाई, ओरडू नका. मी मेलेलो नाही.”

“मग मी तासभर कायले रडून रायली?” बाई म्हणाल्या. “सकाळी शिट्टी घेऊन गेलेला मानूस मेला कसा, हे मी इचारलंच होतं त्याईले. ते मनतात कार्ड आलं. मी मनलं, असन बापा, पटांगणात पडला असन.”

“बाई, मला आणखी दोन तास मेलेलाच राहू द्या.”

“पाप लागते गुरुजी.”

“चैतराम येतो आहे.”

सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांना स्वयंपाकघरात ढकललं, दार ओढून घेतलं आणि पुढं जाऊन पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात रडायला लागल्या.

आत चूल थंड होती. मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, त्यामुळे गुरुजी उपाशीच फटीतून बाहेर पाहत बसले. एक वाजता हेडमास्तर दोन मास्तरांना घेऊन आले. त्यांनी पंचा तोंडाला लावून देवकाबाईचं सांत्वन केलं आणि मग नेमके स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले.

“उद्या शाळेले सुट्टी,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पन हे मतदारयादीचं कोन पाहीन?”

“माझी बायको माहेरी गेली, मले जमत नाही,” पहिले मास्तर म्हणाले.

“माझी आली, मले जमत नाही,” दुसरे म्हणाले.

“अन् सहामाहीचे पेपर? अन् किल्ल्या? अन् तो फुग्यांचा धंदा?” हेडमास्तरांनी सुस्कारा सोडला. “फार घाई केली गुरुजींनं. पेपर तरी तपासून जायला पायजे होतं.”

गुरुजींची आठवण म्हणून तेवढीच निघाली. भिंतीआड बसून त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, कोणी आणखी काही बोलेल म्हणून. कोणी बोललं नाही. देवकाबाई रडत होती, पण ती रडत होती लहानपणच्या बिसरामसाठी, जो चिंचेवरून पडला होता. आत्ताच्या बिसरामबद्दल तिलाही फारसं ठाऊक नव्हतं. गुरुजींना वाटलं, बाहेर जाऊन कबूल करावं आणि उद्याचे तास घ्यावेत. पण ते उठले नाहीत.

दोन वाजता बंडी आली. बंडीतून एक थोराड माणूस उतरला, आणि गुरुजींनी त्याला ओळखलं नाही. चैतराम पाटलाची मिशी पाच गावांत प्रसिद्ध होती. दोन्ही टोकं गालांवर चढलेली, रोज तेल लावलेली. चैतराम कटरे म्हणजे आधी मिशी आणि मागाहून चैतराम. या माणसाचा वरचा ओठ उघडा होता, उरलेल्या काळ्या तोंडावर तेवढाच पांढराफटक. तो ओट्यापाशी आला तेव्हा देवकाबाईचं रडणं थांबलं.

“भाऊ, मिशी काढली? मोठ्यानं लहान्यासाठी नाही काढत. अशी रीत नाही.”

“मले रीत नोको शिकवू,” चैतराम म्हणाला. “मले एकच लहाना होता.”

मग तो ओट्यावर बसला आणि त्यानं पागोट्यात तोंड घातलं. फटीमागं गुरुजींना पुढचं दिसेना. डोळे पुसून त्यांनी दार उघडलं आणि ते स्काउटांच्या अर्ध्या चड्डीत ओट्यावर येऊन उभे राहिले.

पहिली देवकाबाई धावली. तिनं त्यांना आधी चाचपून पाहिलं आणि मग दोन्ही मुठींनी बदडलं. “हा तं मघाचा वाऱ्यावाला,” बकाराम म्हणाला. हेडमास्तर उठून उभे राहिले, आनंद आणि सुट्टी यांच्यात त्यांचं काही ठरेना. चैतरामचा हात नुसता वरच्या ओठाकडे गेला आणि तिथं काही न सापडून खाली आला.

गुरुजींनी सगळं सांगितलं. फुगे, दोरा, गाठ, कोपरा.

“फुग्याले कार्ड बांधलं?” बकारामनं विचारलं. “कायले?”

“कोणाला तरी सापडावं म्हणून.”

“सापडलं. मंग?”

“त्यानं दोन ओळी लिहाव्यात.”

“कोनाले?”

“मला,” गुरुजी म्हणाले.

हेडमास्तर चष्मा पुसायला लागले. बकारामनं आपलं कार्ड काढून गुरुजींच्या हातात दिलं आणि उरलेल्या दोघांनीही दिलं.

गुरुजींना एकदम भान आलं की आपल्या दारी दहा-बारा माणसं बसली आहेत. “चहा टाकतो,” ते म्हणाले. “सगळ्यांनी घ्यायचा. दूध आहे.” पण माणसं उठायला लागली होती. ती घरून मयतीला म्हणून निघाली होती, आणि मयतीच्या घरचं पाणी घेत नाहीत. सरळ घरी जायचं, आंघोळ करायची, मगच तोंडात काही घालायचं.

“पण मयत झालीच नाही,” गुरुजी म्हणाले.

“आमी तं मयतीलेच आलो ना,” बकाराम म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. “पुन्हा कवा येऊ. तुमी जिवंत असान तवा.”

एकेक करत माणसं गेली. हेडमास्तर जाताना “उद्या साडेदहाले या” असं बजावून गेले. देवकाबाईला चारची पॅसेंजर गाठायची होती. तिनं गुरुजींच्या तोंडावरून हात फिरवला, “बरा रायजो” म्हणाली आणि पाण्याचा घोटही न घेता स्टेशनकडे गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा भरलेला ओटा अर्ध्या तासात रिकामा झाला. सुलोचनाबाई तेवढ्या विहिरीत गळ टाकून बादली शोधत होत्या.

आणि चैतराम होता. त्यानं बंडी वळवली नव्हती. गुरुजींकडे पाठ करून तो ओट्याच्या टोकाला बसला होता.

“बाई,” तो सुलोचनाबाईंना म्हणाला, “याले इचारा, घरात आरसा हाय का.”

गुरुजींनी आरसा आणून त्याच्याशेजारी ठेवला. चैतरामनं त्यात पाहिलं आणि तो लगेच पालथा घातला.

“बाई, याले सांगा, असं तोंड घेऊन मी बोरटोल्यात जाऊ शकत नाही. लोक इचारतीन, पाटील, कोन मेलं? काय सांगू? फुगा मेला?”

“तुमच्यात बोला ना तुमी. मले बादली काढाची हाय,” बाई म्हणाल्या.

बैलांनी दोनदा शेपट्या हलवल्या. धान पोरं कापतील, असं चैतराम बैलांना म्हणाला. मग तो उठला, बैल सोडून सुलोचनाबाईंच्या गोठ्यात बांधून आला, आणि या खेपेला पाठ न करता भिंतीला टेकून बसला.

“चहा टाकू?” गुरुजींनी विचारलं.

“आंघोळ झाल्यावर,” चैतराम म्हणाला. मग ओठावरून बोट फिरवत त्यानं सहा वर्षांनी धाकट्या भावाकडे सरळ पाहिलं. “तू मास्तर हायेस. सांग. पुरी मिशी यायले किती दिवस लागतात?”

गुरुजींना हिशोब पक्का येत होता. चैतरामची दाढी त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. महिन्याभरात ओठ झाकला असता. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, बोटं मोजली आणि बराच विचार केल्यासारखं केलं.

“अडीच महिने,” ते म्हणाले. “थंडी जास्त पडली तर तीन.”